पोटावरची बेरीज

मला कॅन्सर झाला होता असं मी सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्याकडं बघतो आणि मग दाराकडं बघतो. कुणीतरी शहाणं माणूस आतून येईल आणि म्हाताऱ्याला गप्प करील अशी त्याला आशा असते. ऐंशी ओलांडलेला माणूस, दोन वेळा भाकरी कुस्करून खातो, सकाळी नदीपर्यंत चालून येतो, याला कसला आलाय कॅन्सर? मग मी सदरा वर करून पोटावरची शिवण दाखवतो. शिवण डॉक्टरांची आहे आणि चांगली घातलेली आहे. पण गोष्ट शिवणीची नाही. शिवणीच्या वरच्या टोकाला, बरगड्यांच्या कमानीखाली, एके काळी जांभळ्या शाईची एक खूण होती. गाठीपायी आमच्या गावात जेवढा गोंधळ झाला नाही तेवढा त्या खुणेपायी झाला. ही गोष्ट मीच लिहायला पाहिजे, कारण बाकीचे सगळे ती चुकीची सांगत आले.

मी चौथी शिकलो. पुढं शिकायचं तर घर सोडावं लागलं असतं, आणि बापानं पाटी काढून घेऊन हातात बैलांचा कासरा दिला. लिहिता येतं तेवढं पुरेसं आहे. ज्याला शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं खुशाल तपासावं, पोट माझं होतं.

साठ सालाच्या पुढची ही हकिकत. आमचं गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठाला, शिरूर तालुक्यात. नदी ओलांडली की दौंड तालुका. कचेरीचं काम निघालं की आम्ही शिरूरला जायचो आणि लांबचा पल्ला असला की नदीपलीकडं, कारण आगगाडी तिकडं. मी तेव्हा तिशीला आलो होतो. तालमीत घडलेलं अंग, पंचक्रोशीच्या जत्रांत कुस्त्या मारलेल्या, जेवायला बसलो की बायको परातीतलं पीठ बघायची आणि मग माझ्याकडं बघायची. असा माणूस एका पावसाळ्यात दोन घासांवर ताट सारायला लागला. तिसरा घास घशाखाली गेला की पोट गच्च व्हायचं. आईनं ओवा दिला, नजर काढली, देवाला नारळ झाला. शिरूरच्या डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं रोवली आणि हात तिथंच ठेवून म्हणाले, "मुंबईला जा. उद्याच जा."

माझ्याबरोबर माझा मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये कामाला. आपल्याला मुंबईची खडा न् खडा माहिती आहे असं त्याचं म्हणणं होतं. ती नव्हती हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. पण माणूस जिवाचा होता आणि सतत बडबडत असायचा. दवाखान्यात बडबडणारं माणूस बरं असतं.

डॉक्टरांनी पोट उघडलं, गाठीचा तुकडा तपासायला काढला आणि पोट शिवून टाकलं. टाके सुकत आले तेव्हा म्हणाले, गाठ कापून काढण्यासारखी नाही, ती आजूबाजूला चिकटलेली आहे. पण तिची जात अशी आहे की शेकाला विरघळते. तेव्हा शेक द्यायचा.

शेक. मशीनच्या किरणांना तिथं सगळे शेकच म्हणायचे, नर्सपासून झाडूवाल्यापर्यंत. मेहुणा गावी जाऊन आईला हे सांगून आला आणि येताना तिचा निरोप घेऊन आला: "शेकासाठी मुंबईला कशापायी पडून ऱ्हायलास? वाळू तापवून पुरचुंडीनं मी शेकते. चूल हितंबी हाय."

माझंही काही वेगळं नव्हतं. मला वाटलं, मशीन आहे, त्याच्यापुढं पडायचं, शेक घ्यायचा आणि घरी जायचं. पण मला एका खोलीत नेलं. तिथं मशीन नव्हतं. एक टेबल, पट्ट्या, पेन्सिली, आणि चष्म्यातले एक साहेब. हे साहेब डॉक्टर नव्हते. ते औषध देत नसत, फक्त किरणांचा हिशेब मांडत.

मी म्हणालो, "सायेब, मशीन हाय ना? मग लावा की."

"पैलवान, मशीन आंधळं असतं," साहेब म्हणाले. "कुठं मारायचं ते आपण त्याला दाखवायचं. पोटाच्या वरच्या भागात दाटी फार. पुढं जठर आणि त्यातच गाठ, उजवीकडं यकृत, दोन्ही बाजूंना मूत्रपिंडं, मागं कणा. गाठीला भरपूर मिळालं पाहिजे आणि तिच्या शेजाऱ्यांना धक्का लागता कामा नये."

"म्हंजी आपलं पाणी शेजाऱ्याच्या रानात जाऊ द्यायचं न्हाई."

"अगदी तेच. आणि ते आधी कागदावर ठरवायचं."

मग त्यांनी मला चुना कालवल्यासारखं पांढरं पाणी प्यायला लावलं आणि फोटो काढले. त्या फोटोत जठर पांढरंशुभ्र दिसत होतं आणि एका बाजूनं उंदरानं भाकरी कुरतडावी तसं कुरतडलेलं. तिथं गाठ बसली होती. मी तो फोटो बराच वेळ बघितला. दुश्मनाचं तोंड एकदा बघून घेतलेलं बरं असतं.

त्यानंतर फोटो काढणाऱ्या बाईंनी मला लाकडी फळीवर उताणं झोपवलं, सदरा काढायला लावला आणि म्हणाल्या, "सरळ पडून राहा." त्यांच्या हातात शिशाची मऊ तार होती. ती त्यांनी माझ्या पोटावरून दोन्ही कुशींपर्यंत दाबून बसवली, मग वाकडी न होऊ देता उचलली, कागदावर ठेवली आणि आतून पेन्सिल फिरवली. कलिंगड आडवं कापावं तसं माझं पोट कागदावर उमटलं. साहेबांनी त्यात जठर काढलं, मूत्रपिंडं काढली, कणा काढला. त्यांच्याकडं पातळ, आरपार दिसणारे कागद होते, त्यांच्यावर कापलेल्या कांद्यासारखी कड्यात कडी. ते कागद एकावर एक सरकवत ते दुपारपर्यंत आकडेमोड करत बसले.

दुपारी त्यांनी पट्टी घेऊन माझी जाडी मोजली. एकदा मोजली, दोनदा मोजली. कागद बघितला. मग बाईंना म्हणाले, "हे पोट कुणाचं?"

"यांचंच, सर."

"मग हा कागदावरचा माणूस कोण? दोघांत दोन बोटांचा फरक आहे."

दारात उभा असलेला मेहुणा म्हणाला, "सायेब, त्यो कागदावरचा जत्रंतला हाय. ह्यो घरचा."

झालं होतं असं, की परक्या बाईसमोर उघडं अंग घेऊन पडायचं म्हटल्यावर मी दम वर ओढून धरला होता, पोट आत घेतलं होतं आणि छाती काढली होती. तालमीतला कुठलाही माणूस हेच करील. लोक आजही ही माझी चूक म्हणून सांगतात. मला ते मान्य नाही. त्यांनी सांगितलं सरळ पडा, मी सरळ पडलो. पोट सोडा असं कुणी सांगितलं होतं?

"दाजी, सोडा की पोट," मेहुणा म्हणाला. "हितं कोन जोड धरायला येनार न्हाई."

साहेब मात्र हसले नाहीत. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "हे बघा. साध्या श्वासालासुद्धा जठर खालीवर होतं. तेवढी जागा मी धरलेली आहे. पण तुम्ही पोट असं आत ओढलंत, तर आतलं सगळंच जागा सोडतं. मग माझे किरण गाठ सोडून मूत्रपिंडावर जातील. ज्या माणसाचा मी हिशेब मांडीन, तोच माणूस रोज इथं आला पाहिजे. तुम्ही रोज असं पोट धरून पडाल का?"

"पडंन की."

त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "पडालही. पण मला साधा माणूस पाहिजे, जेवून ओसरीवर आडवा होणारा."

मग मी पोट सोडलं. तार पुन्हा बसवली, कागद पुन्हा निघाला, सगळी आकडेमोड पहिल्यापासून. ठरलं असं: किरण तीन बाजूंनी द्यायचे, एकदा समोरून, एकदा या कुशीतून, एकदा त्या कुशीतून. तीन पाटांचं थोडं थोडं पाणी यावं आणि एकाच वाफ्यात साचावं, तसं. वाटेतल्या जागेला थोडं, गाठीला पुरेपूर. बाईंनी काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून जांभळ्या शाईनं पोटावर चौकोन काढला, चौकोनाच्या मधोमध एक उभी रेघ आणि तिच्यावर एक आडवी. कुशींनाही तशीच एकेक खूण.

"या खुणांवर मशीनचा नेम धरायचाय," साहेब म्हणाले. "पाणी नको, साबण नको, तेल नको. पुसल्या तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मशीनवर तुमची जागा सोमवारी आहे. सोमवार चुकवू नका. गाठ थांबून राहणारी नाही, आणि उशीर झाला तर ती कुठवर गेली असेल हे मी सांगू शकत नाही."

सोमवार लांब होता. डॉक्टर म्हणाले, इथंच राहा. मी म्हणालो, कांद्याची रोपं लावायची राहिलीत, मी घरी जाणार. त्यांनी समजावलं, मेहुण्यानं समजावलं. मी घरी गेलो.

आमच्या घरी आईचा एक नियम होता. दवाखान्यातून आलेल्या माणसानं डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय चुलीपाशी यायचं नाही. मी पोचलो तेव्हा न्हाणीत पाणी तापलेलं होतं. हातपाय तेवढे धुवावेत म्हणून मी सदरा काढून दगडावर बसलो, तोच आई मागून तांब्या भरून आली. तांब्या वरच राहिला.

"ह्ये काय?"

"खूण हाय."

"कसली?"

"दवाखान्याची."

ती वाकून बघायला लागली. आई निरक्षर होती, पण ही एक खूण तिला चांगली ओळखीची. शिरूरच्या बाजाराला जाताना मिशनच्या देवळाच्या टोकावर ती जन्मभर बघत आली होती.

"बाटीवलं व्हय रं तुला?"

"आगं, न्हाई."

"मग ह्यो क्रूस कुनी काढला? तू बिशुद्दीत व्हतास तवा काढला आसंल!" मग तिनं माझ्या बायकोला हाक मारली. "आगं ये, बघ तुझा नवरा. किरिस्ताव होऊन आलाय."

बायको पदराला हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, "होऊ द्या. घास गिळायला लागला म्हंजी झालं."

"मी काय त्यांच्या देवाला नाव ठिवतीय का?" आई म्हणाली. "मिशनच्या मास्तरांच्या घरचं पानी मी पिते. पर घरच्यांना इचारायची काय रीत हाय का न्हाई?" आणि तिनं तांब्या उचलला.

मी ओल्या पायांनी उठलो आणि कडुनिंबाखाली जाऊन बसलो. तिथून आमचं सुरू झालं. ती म्हणायची, आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. मी म्हणायचो, बरं, नाही टाकत. माझं ताट ओसरीवर यायचं, अंथरूण ओसरीवर. माझ्या हट्टाला गावात नावं ठेवतात, पण तो हट्ट कुठून आला हे कुणी बघत नाही. गावकरी रांगेनं खूण बघायला आले आणि मीही दाखवली, लपवायचं काय त्यात? पारावर बातमी पोचली की सोमवारी मुंबईत माझा बाप्तिस्मा आहे, आणि मला मडम शिकवायला येणार आहे. एकानं तर माझं नवं नावही ठरवलं होतं.

शेवटी आई मास्तरांकडं गेली. मास्तर म्हणजे मिशनच्या शाळेत जन्म घालवून निवृत्त झालेले गृहस्थ, ख्रिस्ती, नदीकाठी आमच्या बांधाला लागून त्यांची मोसंबीची बाग होती. आई त्यांना थेट म्हणाली, "मास्तर, तुमच्या देवाची खूण माझ्या लेकाच्या पोटावर काढलीय. तुमीच सांगून पुसून घ्या. तुमचं ऐकतील."

मास्तर काळी छत्री टेकत आले. मी सदरा वर केला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि मान हलवली.

"आक्का, हा आमचा नाही."

"आसं कसं? हुबेहूब हाय."

"आमच्या क्रूसाचा खालचा पाय लांब असतो. याचे चारही हात सारखे. हे गणितातलं अधिक. बेरजेची खूण."

"बेरीज म्हंजी?"

"मिळवणं. दोनात दोन मिळवले की चार."

आई भडकली. "त्याच्या पोटात काय मिळवायचं हाय आजून? हाय ती गाठ काढायचीय न्हवं? मग काढायची खूण न्हाई का तुमच्या गनितात?"

"आहे की. वजाबाकी. नुसती आडवी रेघ."

"मग ती काढायची!"

मास्तरांना हसू आवरेना. मलाही आवरेना आणि टाके दुखायला लागले. पण हसून झाल्यावर मास्तर ओसरीवर बसले आणि त्यांनी तिला नीट समजावलं. मशीन कसा नेम धरतं, दोन बोटं इकडंतिकडं झाली तर काय होतं, आणि ही रेघ पुसली तर दिवस वाया जाऊन गाठ पुढं कशी जाईल. मी तेच चार दिवस सांगत होतो. पण माझं ऐकलं असतं तर ती माझी आई कसली.

मास्तर गेले. आई उठून माझ्याजवळ आली, खुणेला हात न लावता वाकून बघितलं आणि म्हणाली, "हितं जरा फिकी पडलीय. घाम येऊ देऊ नगंस." त्या दिवसापासून तिनं मला उन्हात फिरकू दिलं नाही. रोपं बायकोनं लावली. म्हणजे मी ज्यासाठी हट्ट करून आलो होतो ते काम मी केलंच नाही. जाऊ द्या.

सोमवारी सकाळी मुंबईत असायचं तर रविवारी निघायलाच पाहिजे होतं. शनिवारी वरच्या अंगाला पाऊस झाला आणि रविवारी उजाडताना भीमा तांबडी होऊन दोन्ही काठ चाटत होती. नाव पलीकडच्या काठाला बांधलेली, नावाडी तिला सोडायला तयार नाही. पलीकडं मेहुणा बैलगाडी घेऊन येऊन उभा होता, मुंगीएवढा दिसत होता. एरवी असलं पाणी मी पोहून गेलो असतो, आणि ते गावाला ठाऊक होतं. तेच मला जास्त लागलं. पोहणारा माणूस काठावर उभा, आणि पोटाला थेंब लागू द्यायचा नाही.

माझे तालमीतले दोन जोडीदार म्हणाले, "काहील काढू या." काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची पसरट लोखंडी कढई, चारपाच माणसं बसतील एवढी. आमच्याकडं नाव नसली की तीच नदीत सोडायची आणि पोहणाऱ्यांनी ढकलत न्यायची. मला तिच्यात बसवायचं ठरलं. मी, ज्यानं जत्रेत भलेभले पाठीवर घेतले, तो गुळासारखा कढईत बसणार!

मास्तर आले. रविवार त्यांचा प्रार्थनेचा, शिरूरला जायचा दिवस. म्हणाले, "आज इथूनच करतो." त्यांनी घरच्या जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड काढून आणलं होतं, निळ्या द्राक्षांच्या घोसांचं. आईनं ते माझ्या पोटाला गुंडाळून वरून धोतराच्या पट्टीनं आवळलं. आणि मी काहिलीत बसल्यावर हातात गाठोडं घेऊन स्वतःही आत चढली.

"तू कुठं?"

"मुंबईला. खुनंवर ध्यान कोन ठिवनार? तू?"

जोडीदारांनी कमरेला सुके भोपळे बांधले आणि काहील लोटली. काहिलीला तोंड नसतं, त्यामुळं ती सरळ जात नाही. गरगर फिरत जाते. कधी वडगाव दिसायचं, कधी दौंडचा काठ, कधी मास्तरांची छत्री. आईनं डोळे गच्च मिटले होते आणि त्याच अवस्थेत जोडीदारांना शिव्या देत होती. मधल्या धारेला लाट आत आली तशी ती पुढं झेपावली आणि तिनं सगळं अंग माझ्या पोटावर घातलं. तिची पाठ भिजली, माझं पोट कोरडं राहिलं. पलीकडून मेहुणा हात तोंडाशी धरून ओरडत होता, "मावशी, ढेप सांभाळून आना! लई महागाची हाय!"

आईनं डोळे उघडले ते काठाला टेकल्यावरच, आणि पहिलं काम काय केलं तर मेहुण्याला मारायला काहिलीतून उतरली. मग बैलगाडी, केडगावचं ठेसन आणि रात्रभराची गाडी. वाटेत मी मेणकापड सोडू म्हणालो तर तिनं सोडू दिलं नाही. ओली हवा लागेल म्हणे.

सोमवारी साहेबांच्या खोलीत बाईंनी ती द्राक्षं बघितली आणि तोंडाला हात लावला. पट्टी सोडली, मेणकापड सोललं. नदीच्या पाण्यानं जे केलं नाही ते माझ्या घामानं केलं होतं. चौकोनाच्या दोन बाजू आणि डाव्या कुशीची खूण पोटावर नव्हती. ती मेणकापडावर उमटली होती, द्राक्षांच्या मधोमध, उलटी.

आई मेणकापडाकडं बघत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. "म्या आवळलं," ती म्हणाली. "जास्त आवळलं."

साहेबांनी आपला कागद आणला, मला फळीवर झोपवलं. या वेळी मी पोट सोडून दिलं, अगदी ओसरीवरच्यासारखं. त्यांनी मधली खूण बघितली, उजव्या कुशीची बघितली, पट्टी लावली, कागद बघितला, पुन्हा पट्टी लावली. मी छताकडं बघत साधा श्वास घेत राहिलो. आयुष्यात एवढं अवघड काम मी केलेलं नाही.

"मधली शाबूत आहे," साहेब शेवटी म्हणाले. "उजवीकडचीही आहे. जाडी बरोबर जुळते. बाकीच्या मला यांच्यावरून काढता येतील." मग आईकडं वळले. "आजी, मधली राहिली म्हणून निभावलं. आजच सुरू करू."

आई उठून उभी राहिली. मला वाटलं पाया पडते की काय. पण ती म्हणाली, "सायेब, येक इचारू? गाठ काढायची हाय, मग बेरजंची खूण कशापायी? वजाबाकीची काढा की."

साहेबांना काही समजेना. मेहुण्यानं सगळी हकिकत सांगितली, मास्तरांसकट. तेव्हा पहिल्यांदा मी त्या माणसाला हसताना बघितलं. चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी. "आजी," ते म्हणाले, "खूण मला अशीच लागते. वजाबाकी आतून होईल. ती झाली की बाहेरची तुम्ही तुमच्या हातानं करा."

शेक सुरू झाला. त्यात शेकण्यासारखं काही नव्हतं. गरम नाही, गार नाही, मशीन नुसतं गुणगुणायचं आणि संपायचं. रोज उपाशी पोटी जायचं, कारण जेवलेलं पोट म्हणजे पुन्हा दुसरंच पोट. नंतर मळमळायचं, अंग गळून जायचं. आम्ही धर्मशाळेत राहत होतो. आई रोज संध्याकाळी मला उजेडात उभा करायची आणि खुणा तपासायची. कुठं रेघ फिकी दिसली, की दुसऱ्या दिवशी बाईंच्या मागं लागायची, "बाय, हितं जरा वढ." ज्या रेघा पुसायला ती मास्तरांकडं गेली होती, त्याच आता गिरवून घेत होती. धर्मशाळेतले सगळेच काही आमच्यासारखे नशिबाचे नव्हते. काहींच्या गाठी दुसऱ्या जातीच्या होत्या, शेकाला न ऐकणाऱ्या. ती माणसं आमच्याशी हसून बोलायची आणि एक दिवस त्यांची जागा झाडलेली दिसायची. त्यांच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

मग एका दुपारी मी आईच्या हातची भाकरी खायला बसलो. दोन घास झाले, तिसरा झाला. मी चौथा घेतला. आई तव्यापाशी पाठमोरी होती. भाकरी संपली तसं मी ताट वाजवलं. ती वळली, ताटाकडं बघितलं आणि पीठ मळायला घेतलं.

शेवटी पुन्हा ते पांढरं पाणी, पुन्हा फोटो. साहेबांनी दोन्ही फोटो काचेवर शेजारी शेजारी लावले. जठराची कुरतडलेली कड भरून आली होती. "दर वर्षी दाखवायला या," ते म्हणाले. "आणि कातडी नाजूक झालीय, चोळू नका. पण आता आंघोळ करायला हरकत नाही."

घरी पोचलो तेव्हा बायकोनं न्हाणीत पाणी तापवून ठेवलं होतं. आईनं स्वतः पदर खोचला. मी दगडावर बसलो, ती तांब्यानं हळूहळू पाणी सोडत होती, कोमट. मऊ कापडानं कुशीच्या खुणा गेल्या, चौकोन गेला. जांभळं पाणी दगडावरून वाहत मोरीकडं जात होतं. मधल्या खुणेपाशी ती थांबली. मग तिनं अंगठ्याला कापड गुंडाळलं आणि जीभ दातांत धरून फक्त उभी रेघ पुसायला लागली. वरून खाली, अगदी सावकाश. उभी रेघ गेली. आडवी राहिली.

"बघ," ती म्हणाली. "मास्तरांना बोलावून दाखीव. झाली का न्हाई वजाबाकी?"

मी बघितलं. चौथी शिकलेल्या माणसाला तेवढं वाचता येतं.

"झाली," मी म्हणालो.

"मग ऊठ. ताट चुलीपाशी वाढलंय."